विदर्भातल्या गावातून रिमोट कामाचा परदेशी व्हिसा : सुरुवात टीसीपासून करा

घरून परदेशी कंपनीचं काम करणारी मुलं-मुली आता यवतमाळ, वाशिम, गडचिरोलीच्या खेड्यांतही आहेत. त्यांचे फोन येतात तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘ताई, कोणत्या देशाचा व्हिसा लवकर निघते?’ माझं उत्तरही ठरलेलं आहे. देशाचं नंतर बघू, आधी तुझी टीसी (शाळा सोडल्याचा दाखला), दहावीची मार्कशीट आणि आधार कार्ड शेजारी शेजारी ठेव आणि तिन्हींवरचं नाव मला मोठ्याने वाचून दाखव.

मी घाटंजी तालुक्यातली. परदेशी कंपनीसाठी सॉफ्टवेअर टेस्टिंगचं काम फ्रीलान्सर म्हणून करते आणि स्पेनचा रिमोट कामाचा व्हिसा मी स्वतः अर्ज करून काढला. वकिलातीत काय होतं याची माहिती इंटरनेटवर भरपूर आहे. आपल्या गावातून वकिलातीच्या दारापर्यंत कागद कसे न्यायचे, हे मात्र कुणी सांगत नाही. म्हणून हे लिहिते आहे. सगळी तयारी नीट करायची तर हातात सहा महिने ठेवा.

१. हा व्हिसा कशाचा आहे ते आधी समजून घ्या

या व्हिसाला डिजिटल नोमॅड व्हिसा म्हणतात. तुमचं काम आणि पगार दुसऱ्या देशातून येतो, आणि तुम्ही फक्त राहायला त्या देशात जाता. तिथली नोकरी करायची परवानगी यात सहसा नसते, किंवा अगदी थोडी असते. स्पेनमध्ये फ्रीलान्सरला तिथल्या स्थानिक ग्राहकांचं काम एकूण कामाच्या २० टक्क्यांपर्यंतच करता येतं. त्यामुळे ‘तिकडे जाऊन काम शोधू’ असा विचार असेल तर हा रस्ता तुमचा नाही. आधी काम हवं, तेही काही महिने सलग चाललेलं.

टुरिस्ट व्हिसावर जाऊन लॅपटॉपवर काम करणं म्हणजे हा व्हिसा नव्हे. बरेच जण तसं करतात, म्हणून ते चालतं असं समजू नका. पकडलं गेलं तर पुढच्या प्रत्येक अर्जात त्याचा जाब द्यावा लागतो.

२. सगळ्या कागदांवर नाव एक करा

सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो. आपल्याकडे शाळेच्या रजिस्टरमध्ये आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. आधारवर नाव आधी. पॅनवर कधी वडिलांचं नाव आहे, कधी नाही. त्यात इंग्रजी स्पेलिंग ज्याने भरलं त्याच्या मनाचं. ‘राऊत’मध्ये एकीकडे यू, दुसरीकडे डब्ल्यू. ‘मेश्राम’मध्ये एकीकडे एक ई, दुसरीकडे दोन. गावात याने काही अडत नाही, कारण तलाठ्यापासून बँकेच्या शिपायापर्यंत सगळे तुम्हाला तोंडाने ओळखतात. परदेशी अधिकाऱ्यासाठी ती दोन वेगळी माणसं असतात.

दहावीची मार्कशीट पाया धरा आणि बाकीचं सगळं तिच्याशी जुळवा. तिच्यातच चूक असेल तर शाळेच्या मुख्याध्यापकांमार्फत विभागीय मंडळाकडे दुरुस्तीचा प्रस्ताव जातो. मंडळ अमरावतीचं की नागपूरचं, ते तुमच्या जिल्ह्यावर अवलंबून. सोबत शाळेचा दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा लागतो. शाळेत उतारा मागताना मुख्याध्यापकांची सही आणि गोल शिक्का दोन्ही आहेत ना, तिथल्या तिथे बघून घ्या.

मग आधार. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं आणि जन्मतारीख एकदाच. म्हणून महा ई-सेवा केंद्रावर घाईत ‘आता एवढंच करून टाकू’ असं करू नका. कोणतं स्पेलिंग कायमचं ठेवायचं ते कागदावर लिहून न्या आणि ऑपरेटरने टाइप केलेलं स्वतः वाचून मगच हो म्हणा. आधारनंतर पॅन, पॅननंतर बँक खातं, आणि शेवटी पासपोर्ट. हा क्रम मोडला की एक दुरुस्ती दुसरीला अडवते.

लग्न झालेल्या बहिणींनो, तुमच्यासाठी वेगळं सांगते. मार्कशीट आणि पदवी माहेरच्या नावाची, आधार सासरच्या नावाचं, ही आपल्याकडची नेहमीची गोष्ट. विवाह नोंदणी प्रमाणपत्र असेल तर दोन नावांमधला दुवा जुळतो. गावात ही नोंदणी ग्रामपंचायतीत होते. लग्नाला कितीही वर्षं झाली असली तरी ती करून घ्या. लग्नपत्रिका आणि फोटो हे पुरावे तिथे कामी येतात, व्हिसा अर्जात येत नाहीत. आणि पासपोर्टवर माहेरचंच नाव ठेवायचं असेल तर ते कायद्याने चालतं. घरचे काहीही म्हणोत, पदवीशी जुळणारं नाव ठेवलंत तर तुमचं काम निम्मं होतं.

नाव पूर्णच बदललेलं असेल तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नावबदलाची नोंद लागते. तहसीलमधलं प्रतिज्ञापत्र छोट्या फरकांना आधार म्हणून जोडा, पण त्याच्या भरवशावर राहू नका.

३. जन्मदाखला

जन्मदाखला तुमच्या स्वतःसाठी सगळेच देश मागत नाहीत, पण जोडीदार किंवा मूल सोबत न्यायचं असेल तर जन्माचे आणि लग्नाचे दाखले लागतातच. जुन्या नोंदींत बाळाचं नावच नसतं, नुसतं ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ लिहिलेलं असतं. ग्रामपंचायतीत जाऊन तुमची नोंद कशी आहे ते आजच बघा. नोंदच नसेल आणि जन्माला एक वर्षाहून जास्त झालं असेल, तर दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय नोंद होत नाही. त्याला महिने लागतात.

कोतवाल बुकाची नक्कल जात पडताळणीला चालते म्हणून काही जण तीच जपून आणतात. इथे तिचा उपयोग नाही.

४. पासपोर्ट

विदर्भाचं प्रादेशिक पासपोर्ट कार्यालय नागपूरला आहे. पण प्रत्येकाला नागपूरला जावं लागतंच असं नाही. २०१७ पासून पोस्टातही पासपोर्ट सेवा केंद्रं सुरू झाली आहेत. अर्ज भरताना पोर्टलवर तुमच्या जवळचं केंद्र दिसतं. ३६ पानी पासपोर्टची साधी फी १,५०० रुपये. तात्काळचे २,००० वर.

दहावी पास असाल तर मार्कशीट जोडायला विसरू नका. ती नसेल तर पासपोर्टवर ईसीआर पडू शकतं, म्हणजे ठरावीक देशांत कामासाठी जाताना इमिग्रेशन तपासणीची अट. त्या देशांच्या यादीत मलेशिया, थायलंड आणि संयुक्त अरब अमिराती हे तिन्ही आहेत, आणि रिमोट कामासाठी आपली मुलं नेमकी तिकडेच बघतात.

पोलीस पडताळणीला ठाण्यातून फोन येतो. जिथे खरोखर राहत असाल तोच पत्ता द्या. पुण्यात भाड्याने राहता आणि पत्ता गावचा दिला, तर पडताळणी अडकते.

५. आता देश

आधी तुमचं उत्पन्न बघा, मग देश. आकडे दरवर्षी बदलतात, अर्जाच्या आठवड्यात अधिकृत संकेतस्थळावर पुन्हा तपासा.

स्पेन : २०२२ च्या अखेरीस आलेल्या स्टार्टअप कायद्यातून हा व्हिसा सुरू झाला. उत्पन्न तिथल्या किमान वेतनाच्या दुप्पट हवं. २०२५ च्या हिशोबाने महिन्याला साधारण २,७६० युरो. पदवी किंवा तीन वर्षांचा अनुभव, कंपनी किमान एक वर्ष जुनी, आणि तुमचा तिच्याशी संबंध किमान तीन महिन्यांचा. पगारदारांना इथे सामाजिक सुरक्षेच्या (सरकारी पेन्शन-विम्याच्या) कागदांचा प्रश्न फार छळतो. म्हणून भारतातून स्पेनला जाणाऱ्याला मी फ्रीलान्सरचा मार्ग आधी तपासायला सांगते. तिथे गेल्यावर स्वयंरोजगारी म्हणून नोंदणी करून दरमहा वर्गणी भरावी लागते, ती खर्चात धरा.

पोर्तुगाल : डी-८ व्हिसा, ऑक्टोबर २०२२ पासून. किमान वेतनाच्या चौपट, २०२५ मध्ये ३,४८० युरो महिना. आपल्याकडच्या बहुतेकांसाठी हा आकडा जड आहे.

मलेशिया : डीई रन्ताऊ पास. तंत्रज्ञान क्षेत्रातल्यांना वर्षाला २४,००० डॉलर, इतरांना बरंच जास्त. अर्ज ऑनलाइन. तीन ते बारा महिने, पुढे वाढवता येतो. पहिल्यांदा जाणाऱ्यांना मी हाच सुचवते. विमानभाडं कमी, आणि राहणं-खाणं आपल्याला झेपतं.

थायलंड : डीटीव्ही, जुलै २०२४ पासून. पाच वर्षांचा, एका वेळी १८० दिवस राहता येतं. इथे मासिक पगारापेक्षा खात्यातली शिल्लक बघतात : पाच लाख बात (थायलंडचं चलन), म्हणजे तेरा-चौदा लाख रुपयांच्या आसपास. जानेवारी २०२५ पासून अर्ज ई-व्हिसा पोर्टलवर घरून भरता येतो.

मॉरिशस : प्रीमियम व्हिसा, एक वर्ष, महिन्याला १,५०० डॉलर उत्पन्न, आणि व्हिसाची फी नाही. याच्याकडे आपल्याकडे कुणी बघतच नाही.

दुबई : एक वर्ष, महिन्याला ३,५०० डॉलर.

जपानची जाहिरात बघून बरेच जण भुलतात. मार्च २०२४ मध्ये त्यांनी असा व्हिसा सुरू केला खरा, पण तो ज्या देशांच्या नागरिकांना जपानमध्ये व्हिसामाफी आहे त्यांनाच. भारत त्यात नाही. कुणी जपानच्या डिजिटल नोमॅड व्हिसासाठी पैसे मागत असेल तर तिथूनच परत फिरा.

६. पैशाचा माग दिसला पाहिजे

उत्पन्न असणं आणि ते कागदावर दिसणं, या दोन गोष्टींत आपली मुलं मार खातात. अधिकारी तीन कागद समोर ठेवतो : करार, बँक स्टेटमेंट, आयकर विवरणपत्र. करारात लिहिलेली रक्कम, इनव्हॉइसची रक्कम आणि खात्यात आलेली रक्कम एकमेकांशी जुळली पाहिजे. कमिशन किंवा चलनाच्या दरामुळे फरक पडत असेल तर बँकेकडून परदेशी रक्कम आल्याचं प्रमाणपत्र घ्या. त्यात मूळ चलनातली रक्कम असते.

खातं कुठे आहे हेही महत्त्वाचं. पतसंस्थेचं किंवा जिल्हा मध्यवर्ती बँकेचं पासबुक या कामाला धरू नका. तालुक्याच्या राष्ट्रीयीकृत किंवा मोठ्या खासगी बँकेत खातं काढा आणि किमान सहा महिने कामाचे सगळे पैसे त्याच खात्यात येऊ द्या. स्टेटमेंट इंग्रजीत, प्रत्येक पानावर शिक्का आणि सही. शाखेत गर्दी असली तरी शिक्क्यासाठी थांबा, ऑनलाइन काढलेली पीडीएफ अनेकदा परत येते.

आता फ्रीलान्सरांसाठी सगळ्यात मोठा खड्डा. आपले सीए बहुतेक वेळा कलम ४४ एडीए खाली विवरणपत्र भरतात. त्यात एकूण जमेच्या निम्मी रक्कम उत्पन्न म्हणून दाखवली की काम भागतं, कर कमी लागतो. कायद्याने ते अगदी बरोबर आहे. पण विवरणपत्राच्या पोचपावतीवर मग निम्मंच उत्पन्न दिसतं. तुम्ही वर्षाला तीस लाख कमावले, तर अधिकाऱ्याला पंधरा लाख दिसतात आणि तो म्हणतो, अट पूर्ण होत नाही. उपाय असा की पोचपावतीबरोबर पूर्ण विवरणपत्र जोडा, ज्यात एकूण जमा दिसते. शिवाय सीएकडून एकूण जमा आणि ४४ एडीएची पद्धत समजावणारं, यूडीआयएन क्रमांक (ज्यावरून सीएचं प्रमाणपत्र खरं आहे का ते तपासता येतं) असलेलं इंग्रजी प्रमाणपत्र घ्या. अर्ज करायचं दीड-दोन वर्षं आधी ठरलं असेल, तर प्रत्यक्ष नफा दाखवून विवरणपत्र भरायचं का, हे सीएशी बोला. थोडा कर जास्त जाईल, पण व्हिसा सोपा होईल. मला विचाराल तर तो कर भरावा.

शेतीचं उत्पन्न वेगळं ठेवा. कापूस किंवा सोयाबीन विकून तीन लाख एकदम खात्यात आले, तर अधिकाऱ्याला ते कुठून तरी उसने आणून टाकलेले वाटतात. तशी जमा असेल तर बाजार समितीची पट्टी आणि सातबारा जोडून दोन ओळींचा खुलासा द्या. डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत ऑनलाइन मिळतो. पण हे पैसे रिमोट कामाच्या उत्पन्नात मोजले जात नाहीत, हे ध्यानात ठेवा. बाबांच्या नावच्या दहा एकराने तुमची मासिक अट पूर्ण होत नाही. आणि नातेवाइकांकडून पैसे घेऊन अर्जाआधी खातं फुगवू नका. स्टेटमेंटमध्ये ते पहिल्या नजरेत दिसतं.

७. कंपनीचं पत्र

पत्रात पाच गोष्टी असू द्या : तुमचं पद, कधीपासून काम करता, किती मोबदला, काम पूर्णपणे दूरस्थ आहे, आणि त्या देशात राहून काम करायला कंपनीची परवानगी आहे. पाचवं वाक्य बहुतेक पत्रांत नसतं. नागपूर-पुण्याच्या कंपनीत पगारदार असाल तर ही परवानगी लेखी मिळवायला वेळ लागतो, कारण करामुळे कंपन्या घाबरतात. एचआरशी सगळ्यात आधी बोला, शेवटी नको.

८. पीसीसी, अपोस्टील, भाषांतर

पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट (पीसीसी) पासपोर्ट पोर्टलवरूनच काढायचं, फी ५०० रुपये. एसपी ऑफिसचा चारित्र्य दाखला वेगळा, तो नोकरीला चालतो, इथे नाही. पीसीसीची मुदत बहुतेक ठिकाणी तीन ते सहा महिने धरतात, म्हणून ते फार आधी काढू नका.

अपोस्टील म्हणजे परदेशात कागद मानला जावा म्हणून परराष्ट्र मंत्रालय लावतं ती मोहोर. भारत २००५ पासून त्या हेग करारात आहे. सरकारी फी एका कागदाला ५० रुपये, वर अधिकृत संस्थेचं थोडं सेवाशुल्क. मंत्रालय सामान्य माणसाकडून थेट कागद घेत नाही, त्याने नेमलेल्या संस्थांमार्फत घेतं. त्यांची नावं मंत्रालयाच्या संकेतस्थळावर आहेत. पदवी किंवा जन्मदाखल्याला आधी राज्य सरकारचं प्रमाणीकरण लागतं, पीसीसीला ती पायरी नाही.

पदवीबद्दल एक खूण : मार्कशीट म्हणजे पदवी नव्हे. दीक्षान्त समारंभातलं पदवी प्रमाणपत्र अनेकांनी घेतलेलंच नसतं. विद्यापीठात अर्ज करून ते आधी काढा. चंद्रपूर-गडचिरोलीकरांनो, गोंडवाना विद्यापीठ २०११ मध्ये झालं. त्याआधी पास झालेल्यांनी नागपूर विद्यापीठात जायचं.

स्पेनसाठी भाषांतर त्यांच्या सरकारने नेमलेल्या शपथबद्ध भाषांतरकाराचंच लागतं. अपोस्टील आधी, भाषांतर नंतर, कारण त्या मोहोरेचंही भाषांतर करावं लागतं.

९. विमा

तिकिटाबरोबर मिळणारा प्रवास विमा एक वर्षाच्या व्हिसाला पुरत नाही. स्पेनला तिथे मान्यता असलेल्या कंपनीचा पूर्ण आरोग्य विमा हवा, ज्यात दवाखान्याच्या बिलातला वाटा आपण भरायचा नसतो. विकत घेण्याआधी पॉलिसीचं पत्र मागवून वाचा.

१०. फाईल

मी फाईल या क्रमाने लावली होती, तुम्हीही लावा :

- अर्ज आणि त्या देशाने सांगितलेल्या मापाचे फोटो
- पासपोर्ट, सगळ्या पानांची प्रत
- करार आणि कंपनीचं पत्र
- कंपनी चालू असल्याचा नोंदणीचा पुरावा
- इनव्हॉइस आणि बँक स्टेटमेंट, महिन्यावार एकामागे एक
- विवरणपत्रं आणि सीएचं प्रमाणपत्र
- पदवी, अनुभवपत्रं
- पीसीसी
- विमा
- राहण्याच्या जागेचा पुरावा
- विवाह, जन्म दाखले, लागू असतील तर

स्कॅन गावातल्या सेंटरवर करत असाल तर काम झाल्यावर त्या कॉम्प्युटरवरून आणि रिसायकल बिनमधूनही फाइल्स पुसून घ्या. पासपोर्ट, पॅन आणि बँकेचे कागद तिथे तसेच पडून राहू देऊ नका.

११. मुंबईचा दिवस

महाराष्ट्रातल्या रहिवाशांचे स्पेनचे अर्ज मुंबईला जातात. आमच्याकडची मंडळी धामणगावहून विदर्भ एक्स्प्रेस धरतात, ती सकाळी सीएसएमटीला पोचते. पण त्याच सकाळची अपॉइंटमेंट घेऊ नका, गाडी दोन तास उशिरा आली की संधी गेली. आदल्या दिवशी पोचा. मूळ कागद आणि प्रती वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवा. काउंटरवर जे विचारतील त्याचं थोडक्यात उत्तर द्या. इंग्रजी अडखळत असेल तर घाबरू नका, कागद बोलका असला की पुरतं.

१२. एजंट

काही एजंट प्रामाणिकपणे फॉर्म भरून देतात, त्याचे पैसे घेतात, ते ठीक. ‘शंभर टक्के व्हिसा’ म्हणणारा, खोटं कंपनीपत्र बनवून देणारा किंवा मूळ पासपोर्ट स्वतःकडे ठेवून घेणारा, यांना दारातूनच परत पाठवा. खोटा कागद सापडला तर बंदी तुमच्या नावावर लागते.

आणखी एक गोष्ट फार गंभीर आहे. थायलंडमध्ये ‘डेटा एंट्री’, ‘डिजिटल मार्केटिंग’ची नोकरी, तिकीट फुकट, असं सांगून मुलांना सीमेपलीकडे म्यानमारच्या सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांवर नेलं जातं. मार्च २०२५ मध्ये भारत सरकारने तिथून सुटलेल्या पाचशेहून जास्त भारतीयांना विमानाने परत आणलं. रिमोट व्हिसात काम तुमच्याकडे आधीपासून असतं. जो माणूस तुम्हाला काम आणि व्हिसा दोन्ही एकत्र देऊ करतो, त्याची गोष्ट वेगळी आहे. घरच्यांना सांगितल्याशिवाय, कंपनीची खातरजमा केल्याशिवाय पाऊल टाकू नका.

१३. निघण्याआधी घर आणि वावर

आधार आणि बँकेला जोडलेलं सिम बंद पडू देऊ नका. परदेशात ओटीपी आला नाही तर इथलं प्रत्येक काम थांबतं. रोमिंग सुरू करून, एकदा चाचणी घेऊनच निघा.

शेती तुमच्या नावावर असेल तर ई-पीक पाहणी, पीक विमा आणि पीककर्जाच्या नूतनीकरणाची कामं कोण करणार ते ठरवा. भाऊ किंवा आई-बाबांच्या नावाने नोंदणीकृत मुखत्यारपत्र करून ठेवा. जमीन विकण्याचा अधिकार त्यात द्यायचा की नाही, ते वकिलाला स्पष्ट सांगा. मी तो देऊ नये असंच म्हणेन.

आणि हे कास्तकारांच्या मुलांनी नीट ऐका : परकीय चलन कायद्याप्रमाणे तुम्ही अनिवासी ठरलात की शेतजमीन विकत घेता येत नाही. आधीची किंवा वारशाने आलेली ठेवता येते. शेजारचं वावर घ्यायचा व्यवहार चालू असेल तर खरेदीखत तुम्ही निघण्याआधी उरकायचं की थांबायचं, हे सीए आणि वकील दोघांना विचारून ठरवा. त्याच भेटीत बचत खातं एनआरओ (अनिवासी भारतीयांचं इथलं रुपयाचं खातं) कधी करायचं आणि कर कोणत्या देशात भरायचा, हेही विचारा. भारतात एका आर्थिक वर्षात १८२ दिवस राहिलात तर तुम्ही आयकरासाठी इथले रहिवासी ठरता, आणि स्पेनमध्ये एका कॅलेंडर वर्षात १८३ दिवसांहून जास्त राहिलात तर तिथले. दोन्हींची वर्षं वेगळी मोजली जातात, म्हणून तिकिटाची तारीख सीएला दाखवून मगच बुक करा.